सँगर सिक्वेन्सिंग सेवा : अक्षरांच्या ओळीआधी आलेख पाहावा

प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूंतील छोट्या वर्तुळाकार डीएनएमध्ये, घातलेला जनुकाचा तुकडा हवा तसाच बसला आहे की नाही, हे पडताळण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेतून डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचून देणाऱ्या एका बाहेरच्या सँगर सिक्वेन्सिंग सेवेकडे नियमितपणे नमुने जातात. या सेवेचे मूल्यमापन करताना निकाल किती लवकर मिळाला यापेक्षा तो कोणत्या स्वरूपात मिळाला, याला मी अधिक महत्त्व देतो, आणि त्याचे कारण या पद्धतीच्या रचनेतच आहे.

फ्रेडरिक सँगर, निकलेन आणि कूलसन यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही पद्धत साखळी मुद्दाम अर्धवट थांबवण्यावर उभी आहे. डीएनए पॉलिमरेज हे विकर प्रायमरपासून (सुरुवातीसाठी दिलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यापासून) पुढे नवी साखळी बांधत जाते आणि प्रत्येक नवा न्यूक्लिओटाइड (साखळीचा एक घटक, म्हणजे ए, सी, जी किंवा टी यांपैकी एक अक्षर) आधीच्या शर्करेवरील ३′ हायड्रॉक्सिल गटाला जोडला जातो. मिश्रणात नेहमीच्या न्यूक्लिओटाइडांबरोबर थोडे डायडिऑक्सी न्यूक्लिओटाइडही घातलेले असतात. त्यांच्याकडे हा हायड्रॉक्सिल गटच नसल्याने त्यांपैकी एखादा साखळीत बसला की तिची वाढ तिथेच खुंटते. असंख्य साखळ्या अशा वेगवेगळ्या ठिकाणी थांबल्या की एकेका अक्षराने लांबी वाढत जाणारे तुकडे तयार होतात. सुरुवातीला यासाठी चार वेगळ्या अभिक्रिया करून किरणोत्सारी खुणा असलेले तुकडे जेलच्या चार शेजारच्या रांगांत चालवावे लागत. आता चारही डायडिऑक्सी न्यूक्लिओटाइडांना वेगवेगळे प्रकाशमान रंग जोडलेले असल्यामुळे एकच अभिक्रिया पुरते, तुकडे बारीक केशनलिकेतून लांबीनुसार पुढे सरकतात आणि शेवटी लेसरने उजळल्यावर त्यांचा रंग टिपला जातो.

म्हणजे यंत्र प्रत्यक्षात मोजते ती रंगांची तीव्रता. अक्षरे ही त्यावरून सॉफ्टवेअरने काढलेली अनुमाने असतात. म्हणूनच ही सेवा अक्षरांच्या ओळीसोबत मूळ क्रोमॅटोग्रामची, म्हणजे रंगांच्या तीव्रतेच्या आलेखाची, फाइलही न मागता पाठवते, ही तिची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. एका नमुन्यात अपेक्षित सी ऐवजी टी छापून आला होता आणि केवळ ओळ वाचली असती तर तो क्लोन (तपासायची ती प्लाझ्मिडची प्रत) टाकून द्यावा लागला असता. आलेख उघडल्यावर ऐंशीव्या अक्षराच्या आसपास, न वापरल्या गेलेल्या रंगद्रव्यामुळे उठतो तसा, एक रुंद फुगवटा दिसला आणि त्याच्याखाली सी चे छोटे पण रेखीव शिखर स्पष्टपणे उभे होते. विरुद्ध दिशेच्या प्रायमरने केलेल्या वाचनात त्या जागी सीच असल्याचे निर्विवाद ठरले.

नमुना स्वीकारतानाची शिस्तही चांगली आहे. डीएनएची सांद्रता आणि तुकड्याची लांबी आधीच विचारली जाते आणि प्रत्येक अभिक्रियेसाठी एकच प्रायमर मागितला जातो, जे अगदी योग्य आहे, कारण दोन्ही बाजूंचे प्रायमर एकत्र घातले तर दोन क्रम एकमेकांवर चढतात आणि काहीच वाचता येत नाही. जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण जास्त असलेल्या तुकड्यांसाठी वेगळी रासायनिक कृती वापरण्याची सोयही इथे आहे.

अहवालावरील शेऱ्यांबाबत मात्र माझी तक्रार आहे. पीसीआरने (डीएनएच्या अनेक प्रती काढण्याच्या पद्धतीने) वाढवलेल्या एका तुकड्याचा आलेख बऱ्याच अंतरापर्यंत स्वच्छ होता आणि एका ठरावीक अक्षरापासून पुढे प्रत्येक जागी दोन शिखरे दिसत होती. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत काही अक्षरे गळालेली किंवा वाढलेली असतील, तर नेमके असेच चित्र दिसते. तरीही अहवालात केवळ ‘नमुना निकृष्ट’ एवढाच शेरा होता. निकृष्ट नमुन्याचा गोंधळ सहसा पहिल्यापासूनच दिसतो. जो निकाल जैविकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा असू शकतो, त्याला असा शेरा देणे मला गंभीर वाटते. संपूर्ण वाचनाचा सरासरी गुणवत्ता-गुणांकही असाच फसवा आहे. गुणांक २० म्हणजे शंभरात एका चुकीची शक्यता आणि ३० म्हणजे हजारात एका चुकीची, हे प्रत्येक अक्षराला लागू होते. सुरुवातीची काही डझन अक्षरे आणि सुमारे ८०० नंतरची पसरट शिखरे सरासरीत धरली, तर मधल्या उत्तम भागाची गुणवत्ता त्यातून कळतच नाही.

एखाद्या जागी दोन प्रकारच्या डीएनएचे मिश्रण असेल आणि त्यांपैकी कमी प्रमाणातला प्रकार साधारण १५ ते २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर तो या पद्धतीत सहसा पार्श्वभूमीत हरवतो. तिथे, आणि एकाच वेळी शेकडो जनुके तपासायची असतील तिथे, एकाच वेळी असंख्य तुकडे वाचणारे पुढच्या पिढीचे सिक्वेन्सिंगच हवे. मात्र त्या सिक्वेन्सिंगमध्ये सापडलेला एखादा बदल खात्रीने सिद्ध करायचा असेल किंवा एकच क्लोन तपासायचा असेल, तर मी ही सेवा निःसंकोचपणे सुचवेन. महत्त्वाचे अक्षर प्रायमरपासून किमान शंभर अक्षरे दूर येईल अशा बेताने प्रायमर निवडावा आणि विरुद्ध दिशेच्या वाचनाची मागणी नमुना पाठवतानाच नोंदवावी.