गोचिडांवरील बारा आठवड्यांची गोळी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी माझ्या कुत्रीच्या नाकातून रक्त येऊ लागले, तेव्हा गोचीड म्हणजे केवळ खाज आणि किळस नव्हे, हे मला नीट कळले. रक्ततपासणीत प्लेटलेट्स फार खाली गेलेल्या आढळल्या आणि निदान एर्लिकियोसिसचे, म्हणजे गोचिडांमार्फत पसरणाऱ्या जिवाणूजन्य तापाचे झाले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार आठवडे न चुकता दिल्यावर ती बरी झाली. पण त्या चार आठवड्यांतही तिच्या कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत नवे गोचीड सापडतच होते. मानेवर सोडायचे थेंब आम्ही दरमहा वापरत होतो, मात्र तिला वरचेवर अंघोळ घालावी लागत असल्याने त्यांचा प्रभाव टिकत नसावा. तेव्हा पशुवैद्यांनी फ्लुरालॅनर या औषधाची चघळण्याची गोळी सुचवली. तिसऱ्या गोळीचा काळ नुकताच संपला आहे.

एक गोळी बारा आठवडे चालते. ती वजनाच्या गटानुसार मिळते. माझी कुत्री १८ किलोची असल्याने तिला १० ते २० किलोच्या गटातील गोळी लागते. ती जेवणाबरोबर द्यावी, कारण रिकाम्या पोटी औषध कमी शोषले जाते. औषध रक्तातून शरीरभर पसरते आणि रक्त पिणाऱ्या गोचिडाच्या मज्जासंस्थेवर आघात करून त्याला मारते. ते त्वचेवर नसल्यामुळे अंघोळीने धुऊन जाण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि आमच्यासाठी हाच सर्वांत मोठा दिलासा ठरला. गोळी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावरून वाळलेले, मेलेले गोचीड गळू लागले.

तरीही पहिल्या दोन महिन्यांत माझी बरीच निराशा झाली. कुत्रीच्या अंगावर टम्म फुगलेला एकही गोचीड दिसत नव्हता, पण भिंतीवर, पडद्याच्या घडीत आणि तिच्या अंथरुणाच्या शिवणीत ते चालताना दिसतच होते. गोळी निकामी ठरली असे मी समजून चाललो होतो. कारण वेगळे होते. कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो: सहा पायांची अळी असताना, आठ पायांची अर्भकावस्था गाठल्यावर आणि पूर्ण वाढ झाल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरले की तो कुत्र्यावरून खाली उतरतो आणि फटीत शिरून पुढच्या अवस्थेची तयारी करतो. पोट भरलेली मादी अशाच फटीत हजारो अंडी घालते. म्हणजे कोणत्याही क्षणी कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यांपेक्षा कितीतरी अधिक गोचीड घरात असतात. प्रौढ गोचीड अन्नाशिवाय अनेक महिने तग धरतो, त्यामुळे आधीचा साठा संपायला वेळ लागणारच. गोळी दिलेल्या कुत्र्याला चावणारा गोचीड मरतो आणि अंडी घालायला परत जात नाही. घर रिकामे होते ते याच मार्गाने, पण हळूहळू.

आम्ही भिंतीतील फटी बुजवल्या, तिचे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुतले आणि कोपरे, पलंगाखालची जागा व्हॅक्यूम क्लीनरने झाडली. चौथ्या महिन्यात भिंतीवरील गोचीड तुरळक झाले आणि पाचव्या महिन्यात दिसेनासे झाले. त्यानंतर तिसरी गोळी देण्यास मी दोन आठवडे उशीर केला, आणि तेवढ्यात तिच्या कानात रक्ताने फुगलेले दोन गोचीड मिळाले. तेव्हापासून पुढची तारीख गोळी दिल्याच्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

या औषधाची मोठी मर्यादा अशी की ते गोचिडाला दूर ठेवत नाही. तो चावल्यावरच मरतो, आणि एर्लिकियाचे जिवाणू चाव्यानंतर काही तासांतच कुत्र्याच्या शरीरात शिरू शकतात. त्यामुळे बाहेरून आल्यावर तिचे कान, काखा, शेपटीचे मूळ आणि पट्ट्याखालची मान मी आजही हाताने चाचपतो. गोचीड सापडला तर चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरावा आणि सरळ वर ओढावा. त्यावर रॉकेल ओतू नये, त्याला चटका देऊ नये आणि उघड्या बोटांनी चिरडू नये.

पहिल्या गोळीनंतर तिला एकदा उलटी झाली आणि दिवसभर भूक मंदावली. पुढच्या दोन्ही वेळी काहीच त्रास झाला नाही. मात्र ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, त्याच्या मालकाने ही गोष्ट गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवी. फ्लुरालॅनर ज्या गटात मोडते त्या आयसोक्साझोलिन गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांना कंप सुटणे, तोल जाणे किंवा झटके येणे असे त्रास होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे.

गेल्या महिन्यातील रक्ततपासणीत तिच्या प्लेटलेट्स सामान्य आल्या. चौथी गोळी तिला काल जेवणातून दिली.