एलएसओएफ: पुसलेली फाइल कोणी धरून ठेवलीय ते सांगणारं साधन

डिस्क भरते, कोणीतरी सगळ्यात मोठी लॉग फाइल आरएमने (फाइल पुसणारी कमांड) उडवतो, आणि डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ तरीही १०० टक्केच दाखवत राहतं. फायलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र सांगते की जागा भरपूर आहे. या दोघांचे आकडे जुळेनासे झाले की मी बाकी काही न करता एलएसओएफ, म्हणजे उघड्या फायलींची यादी देणारी कमांड, चालवते. पर्ड्यू विद्यापीठात व्हिक्टर एबेल यांनी लिहिलेलं हे साधन माझ्या कामात सर्वांत भरवशाचं ठरलंय.

आरएम फक्त डिरेक्टरीतलं नाव काढतं. आयनोडची (फाइलची डिस्कवरची मूळ नोंद) लिंकसंख्या, म्हणजे तिला असलेल्या नावांची संख्या, शून्यावर आली, तरी एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) फाइल उघडी ठेवली असेल तोवर कर्नल तिचे ब्लॉक सोडत नाही. डीयू नावांच्या मागे फिरतं, म्हणून त्याला ती दिसतच नाही.

रूट म्हणून एलएसओएफला ‘प्लस एल वन’ हा पर्याय द्यायचा, एल कॅपिटल. एकाहून कमी लिंक असलेल्या सगळ्या उघड्या फायली समोर येतात: प्रोसेसचं नाव, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), एफडी (त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलला दिलेला क्रमांक), आकार, आणि शेवटी जुना पाथ. अलीकडे असंच पाहिलं तेव्हा ३८ जीबीची लॉग एका जावा प्रोसेसने धरलेली होती, एफडीच्या रकान्यात ‘४डब्ल्यू’. डब्ल्यू म्हणजे लिहायला उघडलेली. भर दिवसा ती सेवा रीस्टार्ट करायची सोय नव्हती. पण लिनक्सवर प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती देणारी डिरेक्टरी) त्या पीआयडीच्या एफडी डिरेक्टरीत ४ नंबरची लिंक असतेच. तिथूनच आधी लॉगचा शेवटचा भाग टेलने काढून ठेवला, मग तीच फाइल ट्रंकेट, म्हणजे रिकामी, केली. जागा तत्काळ सुटली आणि सेवा चालूच राहिली. एवढी नेमकी माहिती हाती देणाऱ्या साधनाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

मात्र यादीत दिसलं म्हणून प्रत्येक फाइल रिकामी करू नका. मायएसक्यूएल हा डेटाबेस आपल्या तात्पुरत्या फायली मुद्दाम उघडून लगेच अनलिंक करतो, म्हणजे त्यांचं नाव काढून टाकतो. त्यांना हात लावला तर चालू क्वेरी बिघडते. ‘मेमएफडी’ अशा नावाच्या नोंदी तर मेमरीतल्या असतात, डिस्कशी त्यांचा संबंध नाही. एकच फाइल फोर्क झालेल्या (एकीतून दुसरी निघालेल्या) अनेक प्रोसेसकडे असली की तिची नोंद तितक्या वेळा येते, तेव्हा आकारांची बेरीज करून घाबरू नये.

प्रोसेस थांबवायचीच असेल तर आधी तिचं रीलोड पाहा. बऱ्याच डेमनना (मागे सतत चालणाऱ्या सेवांना) एचयूपी सिग्नल मिळाला की ते लॉग नव्याने उघडतात. त्याने भागलं नाही तर टर्म (नीट बंद होण्याचा सिग्नल), आणि किल माइनस नाइन (सक्तीने बंद करणं) अगदी शेवटी, कारण त्यात प्रोसेसला आवराआवर करायला वेळच मिळत नाही.

माझी खरी तक्रार पर्यायांबद्दल आहे. एलएसओएफ दोन अटी दिल्यावर ‘हे किंवा ते’ असं समजतं; ‘हे आणि ते’ हवं असेल तर ‘ए’ वेगळा द्यावा लागतो. ‘प्लस एल वन’सोबत एखादा माउंट पॉइंट (फाइल सिस्टिम जोडलेली डिरेक्टरी) दिला आणि ‘ए’ राहिला, तर त्या फाइल सिस्टिमवर काहीही उघडून बसलेल्या सगळ्या प्रोसेस यादीत येतात. ‘माइनस टी’ने नुसते पीआयडी काढून ते थेट किलला पाइप करण्याची, म्हणजे न बघताच पुढे सोपवण्याची, पद्धत सर्रास दिसते. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर अख्खा सर्व्हर आडवा होईल. म्हणून पाइप नकोच. यादी डोळ्यांनी वाचा, पीआयडी हाताने टाइप करा.

एनएफएस (नेटवर्कवरून फायली देणारा) सर्व्हर बंद पडलेला असेल तर एलएसओएफ अडकून बसू शकतं. तेव्हा अडकवू शकणाऱ्या कर्नल कॉल टाळणारा ‘माइनस बी’ हा पर्याय उपयोगी पडतो. आणि यादीत काहीच नाही, तरी जागा सुटत नाही, असं झालं तर लूप डिव्हाइस (इमेज फाइल डिस्कसारखी वापरण्याची सोय) तपासा. पुसलेली इमेज फाइल तिथे कर्नलनेच धरलेली असते, कुठल्या प्रोसेसने नाही, त्यामुळे ती इथे दिसत नाही. लूप डिव्हाइसची यादी देणारं लोसेटअप माइनस ए मात्र ती दाखवतं.