टेरॅरियमची तोटी होती, पण मागे भोकच नव्हतं

बिलावर स्वच्छ लिहिलं होतं: तीन फुटी काचेचं टेरॅरियम (आत झाडं लावायची काचेची पेटी), ऑटोमॅटिक मिस्टिंग (आपोआप धुक्यासारखा फवारा), ड्रेनेजची तोटी, आरओ युनिट. एकूण 38,000 रुपये, निम्मे आगाऊ. प्रत्यक्षात तोटी काचेला बाहेरून नुसती सिलिकॉनने चिकटवलेली निघाली आणि आरओ युनिट म्हणून गाळ अडवणारी साधी दोऱ्याची कँडल बसवली होती. पुण्यात सध्या बरेच हौशी लोक असे टँक करून घेत आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

टँक बनवणारा माणूस बसवायला आला त्या दिवशी स्वतःचे पाण्याचे कॅन घेऊन आला. "ताई, सुरुवातीला हेच पाणी वापरा, झाडं जरा रुळू द्या," म्हणाला. पंप सुरू झाला, काचेआड धुकं उतरलं, शेवाळ चमकायला लागलं. आई तर खुर्ची ओढून समोर बसली. उरलेले पैसे त्याने तिथल्या तिथे मागून घेतले. त्या कॅनच्या पाण्यावर सगळं छान चाललं, आणि तोवर शंका यायचं कारणच नव्हतं.

कॅन संपले आणि आम्ही त्याच्या 'आरओ'चं पाणी भरू लागलो. थोड्याच दिवसांत काचेवर पांढरे डाग, फर्नच्या पानांवर खरखरीत थर, आणि नोझलमधून धुक्याऐवजी वाकडी धार. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी येतं, त्यात क्षार भरपूर. थेंब वाळला की क्षार मागे राहतात, आणि नोझलचं छिद्र मिलिमीटरहूनही कितीतरी बारीक असल्यामुळे ते लगेच बुजतं. शेजारच्या काकांकडून टीडीएस मीटर आणला, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. नळाचं पाणी आणि 'आरओ'चं पाणी, दोन्हीचा आकडा सारखाच! दोऱ्याची कँडल माती अडवते, विरघळलेले क्षार नाही. त्याला मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा बारीक पडदा, लागतं, आणि मेम्ब्रेन असलं की घरगुती युनिटला टाकाऊ पाण्याची दुसरी नळी असते. आमच्या युनिटला एकच नळी होती. मीटर काही शेकड्यांत मिळतो. पैसे देण्याआधी त्याच माणसासमोर दोन्ही पाणी मोजा.

खरं नुकसान मात्र टायमरने केलं. बिलात फक्त 'ऑटोमॅटिक' लिहिलं होतं. आला तो गोल, खुंट्यांचा मेकॅनिकल टायमर, ज्याची एक खुंटी म्हणजे 15 मिनिटं. मिस्टिंगला एका वेळी काही सेकंद पुरतात, त्यासाठी सेकंदांवर चालणारा टायमर वेगळा मिळतो. एक नोझल मिनिटाला साधारण 50 ते 100 मिली पाणी सोडतं. चार नोझल, 15 मिनिटं: एका फेरीत किमान तीन लिटर. शिवाय पाण्याची टाकी त्याने टेरॅरियमच्या वर ठेवली होती, त्यामुळे पंप बंद झाल्यावरही उताराने नोझल ठिबकत राहायचे. टाकी खाली ठेवली, की ते थांबलं.

एवढं पाणी जाणार कुठे? मातीखाली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर, त्यावर जाळी, आणि जाळीच्या खाली पाण्याची पातळी असायला हवी. पाणी मातीला टेकलं की माती ते वर ओढत राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. आमच्याकडे गोळे फक्त पुढच्या काचेलगत, दिसण्यापुरते लावले होते; मागे तळापर्यंत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. फिटोनिया हे छोटं शोभेचं झाड आडवं झालं, सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. तोटी उघडली तर थेंब नाही. खालून टॉर्च मारला तेव्हा दिसलं, की काच अखंड आहे.

आणखी एक गोष्ट, जिवाशी संबंधित. पंपाचा अडॅप्टर त्याने टँकखालच्या कपाटात, जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डाला लावला होता, आणि कपाटाचा प्लाय पाण्याने फुगला होता. घरात लहान मुलं आहेत. बोर्ड नेहमी वर, भिंतीवर लावा, आणि वायर प्लगपाशी येण्याआधी खाली झोळ देऊन आणा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातूनच गळून पडेल.

फोन केला तर, "ताई, पाणी तुम्ही जास्त घातलंत." तोटीचा फोटो पाठवल्यावर नंबर ब्लॉक. बिल, यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज आणि भोक नसलेल्या तोटीचा व्हिडिओ घेऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार नोंदवली. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

तुमचा टँक बसवायचा असेल, तर माती आणि झाडं भरण्याआधी त्यात बादलीभर पाणी ओतायला सांगा आणि तोटी उघडून ते सगळं बाहेर काढून दाखवायला लावा. नोझल, टायमर, टाकीची जागा, सगळं बिलावर शब्दांत लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता तुमच्या घरच्या पाण्यावर टँक महिनाभर नीट चालल्यावरच द्या.