आधी जीएलपीआय, मग अझ्युर मायग्रेट: दोन डिस्कव्हरी टूल्सचा वापराच्या अंगाने आढावा

आपले सर्व्हर क्लाउडवर हलवण्याआधी ते शोधून मोजणारं मायक्रोसॉफ्टचं टूल म्हणजे अझ्युर मायग्रेट. ते तुमचं नेटवर्क स्वतःहून धुंडाळत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेतलं की या टूलबद्दलच्या निम्म्या तक्रारी मिटतात. व्हीसेंटर (व्हीएमवेअरची व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) जोडलं की त्याखालची व्हर्च्युअल मशीन त्याला दिसतात. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या तशाच यंत्रणेचे होस्ट दिले तर त्या होस्टवरची दिसतात. फिजिकल सर्व्हरसाठी मात्र आयपी पत्त्यांची किंवा नावांची यादी आपणच भरून द्यायची असते. यादीत नसलेला सर्व्हर अहवालातही नसतो, आणि तो नेमका क्लाउडवर गेल्यानंतरच्या सोमवारी सकाळी आठवतो.

ही यादी जुन्या एक्सेल शीटवरून बनवू नका. ती बनवण्यासाठी वेगळं टूल हवं, आणि त्या कामाला जीएलपीआय, म्हणजे संस्थेतल्या संगणकांची आणि उपकरणांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, चोख आहे. म्हणून हा आढावा दोघांचा मिळून आहे. नजरेसमोर शंभर ते हजार मशीनच्या संस्था आहेत: नागरी सहकारी बँका, रुग्णालयं, कारखाने, चार-पाच शाखांचे उद्योग. सहकारी बँकांना तर यातून सुटका नाहीच. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी जी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट आणली, तिच्यात आयटी मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ही अगदी पायाची अट आहे.

जीएलपीआय मुक्त स्रोत आहे, परवान्याचा खर्च शून्य. पीएचपी आणि मारियाडीबीवर चालतं. काहीशे मशीनसाठी चार जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर पुरतो. २०२२ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीपासून इन्व्हेंटरीची (मशीनची माहिती आपोआप गोळा करण्याची) सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याआधी त्यासाठी फ्यूजन इन्व्हेंटरी हे वेगळं प्लगइन लागायचं. जुनी मार्गदर्शक पानं वाचून लोक आजही ते प्लगइन शोधत बसतात, तसं करू नका.

बसवताना पहिली ठेच इथे लागते: प्रशासन विभागातल्या इन्व्हेंटरीच्या पानावर ‘इन्व्हेंटरी चालू करा’ ही खूण मूळ स्थितीत बंद असते. दोनशे पीसींवर ग्रुप पॉलिसीने (विंडोजच्या केंद्रीय सेटिंगने) एजंट, म्हणजे माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम, टाकला, सगळे एजंट सर्व्हरशी बोलतायत, आणि जीएलपीआयमध्ये एकही संगणक नाही, असं झालं तर आधी ही खूण पाहा. दुसरी अडचण प्रमाणपत्राची. सर्व्हरवर स्वतःच बनवलेलं एसएसएल प्रमाणपत्र असेल तर एजंट ते नाकारतो. एजंटच्या सेटिंगमध्ये प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा पर्याय आहे, पण तो वापरू नका. आपल्या अंतर्गत सीएची (प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेची) फाइल एजंटला द्यायला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

आता जरा जवळून पाहण्यासारखी गोष्ट. आपल्याकडे असेम्बल्ड पीसी भरपूर. त्यांच्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये सिरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असा मजकूर तसाच राहिलेला असतो. एखादं टूल सिरियल नंबरावरूनच संगणक ओळखत असेल, तर असे चाळीस पीसी त्याच्या लेखी एकच पीसी होतात आणि दर इन्व्हेंटरीला नोंद एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारते. जीएलपीआयमध्ये अशा निरर्थक मूल्यांची काळी यादी आहे; नेहमीची मूल्यं तिच्यात आधीपासून आहेत आणि नवीन सापडलेलं मूल्य आपण घालू शकतो. घातल्यावर ओळख यूयूआयडी (मशीनचा स्वतंत्र क्रमांक), मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) वगैरे पुढच्या नियमांवर जाते. तेव्हा पहिल्या आठवड्यात सिरियल नंबरानुसार यादी लावा आणि वारंवार येणारी मूल्यं काळ्या यादीत टाका. हे केल्याशिवाय मोजणीवर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट कुलपांची. एजंटने आणलेलं एखादं रकाना कोणी हाताने बदललं, की जीएलपीआय ते कुलूपबंद करतं आणि पुढे एजंटने नवं मूल्य आणलं तरी जुनंच ठेवतं. सोय म्हणून हे बरोबर आहे. पण कोणी उत्साहाने शंभर मशीनची रॅम हाताने ‘दुरुस्त’ केली असेल, तर वर्षभराने ती नोंद शिळी झालेली असते. कुलपांची यादी महिन्यातून एकदा चाळावी.

एजंट जिथे टाकता येत नाही, म्हणजे स्विच, प्रिंटर, यूपीएस, बायोमेट्रिक मशीन, तिथे नेटवर्क शोध लागतो. त्यासाठी जीएलपीआय इन्व्हेंटरी हे प्लगइन आणि प्रत्येक शाखेत एक ‘शोधणारा’ एजंट हवा. विंडोजवर तो बसवताना नेटवर्क इन्व्हेंटरीचा घटक मुद्दाम निवडावा लागतो, साध्या इन्स्टॉलमध्ये तो येत नाही. एआरपी ही स्थानिक नेटवर्कपुरती विचारणा राउटर ओलांडत नाही, त्यामुळे मुख्यालयातून सगळ्या शाखा शोधण्याचा प्रयत्न केला तर हाती अर्धवट यादी येते. एसएनएमपी (उपकरणांना त्यांची माहिती विचारण्याची पद्धत) शक्य तिथे तिसऱ्या आवृत्तीची ठेवा. ‘पब्लिक’ ही जुनी कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द, ज्या स्विचवर अजून चालते, तो स्विच या निमित्ताने सापडतो आणि तेवढ्यासाठीही शोध लावण्यासारखा आहे. मॅनेज्ड स्विचमधून कुठल्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता आहे तेही मिळतं. एजंट नसलेली, कोणाच्याच नावावर नसलेली मशीन इथेच उघडी पडतात. कारखान्यात मात्र पीएलसी (यंत्रं चालवणारे नियंत्रक) आणि नियंत्रण यंत्रणेचं नेटवर्क यातून पूर्ण वगळा. जुनी नियंत्रक उपकरणं अनपेक्षित पॅकेट आल्यावर अडकू शकतात, आणि गळीत हंगामात ती जोखीम कोणी घेऊ नये.

महिनाभर हे चाललं की सर्व्हरची खरी यादी तयार होते. आता अझ्युर मायग्रेट.

टूल मोफत आहे. पोर्टलवर प्रोजेक्ट बनवताना भौगोलिक क्षेत्र विचारलं जातं. तिथे भारत निवडा, म्हणजे गोळा केलेली माहिती देशातच राहते. अझ्युरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात आहे, साउथ इंडिया चेन्नईत. हे क्षेत्र नंतर बदलता येत नाही. चुकलं तर नवा प्रोजेक्ट करावा लागतो.

त्यानंतर आपल्या जागेत एक अप्लायन्स, म्हणजे माहिती गोळा करून अझ्युरला पाठवणारा सर्व्हर, उभा करायचा. व्हीएमवेअरसाठी तयार ओव्हीए (व्हर्च्युअल मशीनची) फाइल मिळते. तिला ८ व्हर्च्युअल कोर, ३२ जीबी रॅम आणि सुमारे ८० जीबी डिस्क लागते. हायपर-व्ही आणि फिजिकलसाठी १६ जीबी रॅम पुरते. एक व्हीएमवेअर अप्लायन्स १०,००० सर्व्हरपर्यंत झेपवतो, फिजिकलचा १,००० पर्यंत. फिजिकलसाठी पॉवरशेल स्क्रिप्ट चालवून अप्लायन्स बनतो, तो वेगळ्या, रिकाम्या विंडोज सर्व्हरवरच बनवा. तयार फाइलमधलं विंडोज चाचणी परवान्याचं असतं, मुदत १८० दिवस. सहा महिन्यांत काम उरकणार नसेल तर परवान्याची सोय आधीच करा.

नोंदणी अडकण्याची कारणं ठरलेली आहेत. अप्लायन्सचं घड्याळ पुढे-मागे असणं हे एक. प्रॉक्सी किंवा फायरवॉल टीएलएस (कूटबद्ध जोडणी) उघडून तपासत असणं हे दुसरं. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या पत्त्यांना त्या तपासणीतून सूट द्या. कॉन्फिगरेशनचं पान ४४३६८ पोर्टवर उघडतं, ते अंतर्गत फायरवॉलमध्ये विसरलं जातं.

परवानग्यांवर खरी मेहनत जाते. व्हीसेंटरला केवळ वाचण्याचं खातं पुरतं, पण तेवढ्यावर मशीनची यादी आणि वापराचे आकडे एवढंच मिळतं. आत कोणतं सॉफ्टवेअर आहे, कोण कोणाशी बोलतंय हे हवं असेल तर त्याच खात्याला गेस्ट ऑपरेशन्सचे (मशीनच्या आत कामं करण्याचे) हक्क द्यावे लागतात, मशीनमध्ये व्हीएमवेअर टूल्स १०.२.० नंतरची आणि चालू असावी लागतात, आणि मशीनच्या आतलं खातंही वेगळं द्यावं लागतं. फिजिकल विंडोजसाठी विनआरएम या दुरून हाताळणीच्या सोयीचा ५९८५ पोर्ट आणि रिमोट मॅनेजमेंट युझर्स, परफॉर्मन्स मॉनिटर युझर्स, परफॉर्मन्स लॉग युझर्स हे तीन गट. लिनक्ससाठी २२ पोर्ट. खाती घालताना एक काळजी घ्या: दिलेली खाती अप्लायन्स सर्व्हरवर एकामागून एक लावून पाहतो. त्यात एखाद्या डोमेन खात्याचा पासवर्ड जुना असेल तर ते खातं लॉक होतं. रोजच्या कामाचं अ‍ॅडमिन खातं इथे कधीही देऊ नका. या कामासाठी नवं, मोजक्या हक्कांचं खातं काढा. पासवर्ड अप्लायन्सवरच कूटबद्ध राहतात, अझ्युरकडे जात नाहीत, ही जमेची बाजू.

आणि आता जो भाग सगळ्यात चुकीचा वाचला जातो तो: मशीनचा सुचवलेला आकार, म्हणजे अझ्युरवर किती ताकदीची मशीन घ्यावी याचा टूलचा सल्ला.

व्हीएमवेअरमध्ये अप्लायन्स दर २० सेकंदांनी वापर मोजतो आणि दर १० मिनिटांना त्यातला सर्वोच्च आकडा पाठवतो. तीस दिवसांत असे ४,३२० आकडे जमतात. असेसमेंट, म्हणजे टूलचं मूल्यमापन, मूळ स्थितीत ९५ वा पर्सेंटाइल धरतं, म्हणजे वरचे ५ टक्के, २१६ आकडे, बाजूला पडतात. वेळेच्या हिशोबात ते ३६ तास होतात. आता बँकेच्या डेटाबेस सर्व्हरचा विचार करा. दिवसभर वापर २५ टक्के, रात्री डे-एंडला (दिवसाचे व्यवहार बंद करताना) एक तास ९० टक्के. महिन्याचे ते ३० तास, म्हणजे ३६ पेक्षा कमी. संपूर्ण डे-एंड हिशोबाबाहेर जातं आणि टूल अगदी आत्मविश्वासाने छोटी मशीन सुचवतं. पहिल्याच रात्री एक तासाचं काम तीन तासांवर जातं आणि सकाळी शाखा उघडायला उशीर होतो. यात टूलची चूक नाही. वेब सर्व्हरसाठी ९५ हा आकडा योग्यच आहे. पण ज्या सर्व्हरचं मुख्य कामच थोड्या वेळात प्रचंड भार असं आहे, त्यांचा वेगळा गट करून वेगळं असेसमेंट करा आणि तिथे ९९ वा पर्सेंटाइल निवडा. मग बाजूला पडतात ते जेमतेम सात तास. त्यावर कम्फर्ट फॅक्टर (जादा मोकळिकीचा गुणक) वाढवा: १० कोरची मशीन २० टक्के वापरात असेल तर हिशोब २ कोरचा येतो, फॅक्टर २ ठेवला तर ४ कोरचा.

मागचा वापर जास्तीत जास्त एक महिन्याचाच धरता येतो, हेही ध्यानात ठेवा. बचत खात्यावरचं व्याज तिमाहीला पडतं, मार्च अखेरचा ताण वर्षातून एकदाच येतो. मे महिन्यातल्या असेसमेंटमध्ये यातलं काहीही नसेल. शक्य असेल तर मोजणीचा महिना असा निवडा की त्यात तिमाही अखेर येईल. फिजिकल सर्व्हरवर मोजणी दर ५ मिनिटांनीच होते, त्यामुळे तिथले छोटे उसळे निसटतात; थोडी जास्त मोकळीक ठेवा. अहवालाशेजारी एक ते पाच तारे असतात. ते अपेक्षित आकड्यांपैकी किती टक्के जमले एवढंच सांगतात. पाच तारे म्हणजे सल्ला बरोबर, असं समजू नका.

एजंटशिवायचं डिपेंडन्सी (कोण कोणावर अवलंबून आहे याचं) विश्लेषण मात्र मनापासून आवडण्यासारखं आहे. काहीही न बसवता कोणती प्रक्रिया कोणत्या सर्व्हरच्या कोणत्या पोर्टशी जोडली आहे याचा नकाशा मिळतो. कागदोपत्री ‘बंद’ झालेला जुना रिपोर्ट सर्व्हर अजून १४३३ पोर्टवर डेटाबेसला लटकलेला आहे, हे असंच कळतं. मर्यादा पद्धतीतच आहे. दर ५ मिनिटांनी त्या क्षणी चालू असलेली टीसीपी जोडणी टिपली जाते. दोन सेकंदांत संपणारी एसएमएस गेटवेची हाक किंवा रात्री एकदा जाणारी फाइल बहुतेक वेळा सुटते. यूडीपी (आधी जोडणी न करता डेटा पाठवण्याची पद्धत) दिसतच नाही, म्हणजे डीएनएस, सिसलॉग, एनटीपी नकाशाबाहेर. त्यामुळे प्रत्येक गट हलवण्यापूर्वी त्याच काळातले फायरवॉल लॉग शेजारी ठेवून ताडून पाहा, आणि अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशन फाइलींमध्ये थेट लिहिलेले आयपी पत्ते हाताने शोधा. दुसरा इलाज नाही.

सॉफ्टवेअरच्या यादीचा लगेच होणारा उपयोग म्हणजे मुदत संपलेल्या गोष्टी. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ चा विस्तारित आधार (एक्स्टेंडेड सपोर्ट) १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा ९ जुलै २०२४ ला. ‘अटींसह तयार’ असा शेरा आलेल्या मशीनमध्ये अशी जुनी विंडोज बरीच निघतात. शेरा वाचून पुढे जाऊ नका, त्यातली अट उघडून वाचा.

खर्चाचा आकडा हा मुख्यतः कॉम्प्युट आणि स्टोरेजचा अंदाज असतो. बॅकअप, बाहेर जाणारा डेटा आणि शाखांची लीज्ड लाइन किंवा व्हीपीएन हे त्यात मिळवून मगच संचालक मंडळापुढे ठेवा. चाचणी सर्व्हरही मूळ स्थितीत चोवीस तास चालू धरलेले असतात. त्यांचे तास कमी केले की आकडा बराच खाली येतो.

वीस-पंचवीस सर्व्हर आणि सगळे व्हीएमवेअरवर असतील, तर नेटवर्क शोधावर महिना घालवण्याची गरज नाही. थेट अप्लायन्स लावा. क्लाउडवर जायचंच नसेल तर अझ्युर मायग्रेट असेट रजिस्टर म्हणून वापरू नका. त्यात खरेदीची तारीख, वॉरंटी, एएमसी, मशीन कोणाच्या ताब्यात आहे, यातलं काहीच नाही. जीएलपीआयमध्ये ते सगळं आहे. स्थलांतर पूर्ण झालं की अप्लायन्स बंद करून हटवा आणि त्यासाठी काढलेली व्हीसेंटर, डोमेन व लिनक्सची खाती त्याच दिवशी रद्द करा.