घडीचा ॲल्युमिनियमचा पिंजरा: घ्या, पण फळी तपासून

कारखान्याच्या आसपासच्या मातीतलं शिसं-कॅडमियम रानउंदरांच्या अंगात किती उतरलंय हे तपासणं माझं काम. रक्त आणि अस्थिमज्जा ताजी लागते, म्हणून उंदीर जिवंतच हवा. शिवाय तो बिचारा लांब हिंडत नाही, जगतोही थोडंच. त्यामुळे त्याच्या मूत्रपिंडात सापडलेलं कॅडमियम त्याच जागेचं, असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं.

आधी जाळीचे पिंजरे होते. दणकट, तक्रार नाही. पण अडकलेला उंदीर रात्रभर जाळी कुरतडत बसतो आणि जाळीवर असतो जस्ताचा मुलामा. जस्त मोजायचं असेल तर झालंच कल्याण! या घडीच्या पिंजऱ्याच्या सपाट पत्र्याला आतून दात रोवायला फारशी जागाच नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो घेतला. (ॲल्युमिनियमच मोजणाऱ्यांनी मात्र दुसरं काही बघा.) घडी घातली की वहीसारखा सपाट होतो, पाठपिशवीत भरपूर मावतात.

आता तक्रार. आतल्या फळीवर उंदराचा पाय पडला की दार मिटतं. नव्या संचातल्या निम्म्याअधिक फळ्या जड निघाल्या. मोठे उंदीर अडकायचे आणि पिल्लं ओट-शेंगदाण्याचं आमिष फस्त करून आरामात बाहेर! आता यात बिघडलं काय, असं वाटेल. बिघडतं ते असं, की मूत्रपिंडातलं कॅडमियम वयाबरोबर वाढत जातं. नुसते थोराड उंदीर हाती लागले की सरासरी फुगते आणि आहे त्याहून जागा जास्त विषारी दिसते. त्यातून स्वच्छ जागेवर हलक्या फळ्यांचे पिंजरे लावले असतील तर तुलनाच निकालात. कारखाना राहिला बाजूला, मोजली फळी! दार उघडं धरून ठेवणारी खिट्टी पक्कडीनं किंचित वाकवली की फळी हलकी होते. मी प्रत्येक फळीवर 10 ग्रॅमचं वजन ठेवून बघतो; दार मिटलं नाही तर तो पिंजरा रानात जात नाही. हे काम खरं तर बनवणाऱ्यांनी करून द्यायला हवं.

साफसफाई कटकटीची. घडीच्या सांध्यांत मूत्र-लेंड्या अडकतात, लेप्टोस्पायराची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या रोगजंतूची) भीती असते, त्यामुळे हातमोजे हवेतच. ब्लीचनं पत्रा खराब होतो. साबण आणि ब्रश बरा.

पत्रा उन्हात भराभर तापतो, म्हणून उजाडताच फेरी मारायची. थंडीत आत कापूस घालायचा. चिचुंद्री अडकली तर तिला काही तासांची उपासमारही झेपत नाही, तेव्हा रात्रीही एक फेरी हवीच. ती किडे-गांडुळं खाते, कॅडमियमही उंदरापेक्षा जास्त साठवते. तिचे आकडे उंदरांत मिसळू नका.

पाचपैकी साडेतीन तारे. पुढची खरेदी याचीच, पण भोकं पाडलेल्या दाराची नको; ती दारं लवकर वाकतात.