जाळीचं पूल-कव्हर: दोन हिवाळे वापरल्यानंतर

न्यू जर्सीत अंगणात स्विमिंग पूल असलेलं घर घेतलं की वर्षातले सात महिने तो झाकलेलाच असतो. आमचा 16 बाय 32 फुटांचा, मागच्या दारापासून वीस पावलांवर. त्या दारातून दिवसातून सहा वेळा बाहेर धावते ती बर्फी, आमची 11 किलोची बीगल. त्यामुळे कव्हर घेताना मी फक्त तिचा विचार केला. पाणी किती कोमट राहतं, रंग अंगणाला शोभतो का, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

आधी काय घडलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. रात्री गारठा पडायला लागला होता, म्हणून पाण्याची ऊब टिकवायला निळं बबल कव्हर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचं पातळ तरंगतं प्लॅस्टिक, पसरलेलं. सकाळी गॅसवर चहा होता. खारीच्या मागे बर्फी धावत सुटली ती थेट त्या प्लॅस्टिकवर. पहिली दोन पावलं तिला ती जमीनच वाटली असणार. मग प्लॅस्टिक खाली गेलं आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर मिटलं. भुंकणं नाही, पाणी उडाल्याचा आवाजही नाही. खिडकीतून मला दिसला तो प्लॅस्टिकखाली हलणारा एक उंचवटा. अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली, कव्हर काठाकडून ओढलं आणि तिला बाहेर काढलं. फुफ्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला दिवसभर ठेवून घेतलं. वाचली. बर्फीला छान पोहता येतं, हे मुद्दाम लिहिते आहे. वर प्लॅस्टिक असेल तर पोहता येऊन काय उपयोग, डोकं काढायलाच जागा नसते.

तेव्हा सासरे आमच्याकडे आलेले होते. सांगलीकडे मळ्यात वाढलेले. संध्याकाळी म्हणाले, "अगं, विहिरीवर लोखंडी जाळी टाकतात, ताडपत्री नाही. ताडपत्रीनं विहीर नुसती दिसेनाशी होते."

ऑक्टोबरात जाळीचं सेफ्टी कव्हर बसवून घेतलं. मजुरीसकट 2,600 डॉलर. काठाच्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून पितळी अँकर बसवतात. कव्हरला आडवे-उभे पट्टे शिवलेले असतात, प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला जाड स्प्रिंग. ती दांड्यानं ताणून अँकरवर अडकवायची. कव्हर काठाबाहेर फूटभर येतं आणि ढोलकीच्या पानासारखं ताठ बसतं. अमेरिकेत यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ 1346 (ASTM F1346) हे मानक आहे. 8 फुटांहून रुंद पूलच्या कव्हरनं 485 पौंड, म्हणजे 220 किलो तोलले पाहिजेत: दोन मोठी माणसं आणि एक मूल. हा क्रमांक कव्हरच्या लेबलवर शोधा. बबल कव्हर फक्त ऊब धरण्यासाठी असतं, वजन पेलण्यासाठी नाही, आणि तरीही दुकानात दोघांनाही कव्हरच म्हणतात याचा मला अजून राग येतो. बसवणारा माणूस आमच्यासमोर त्यावर चालला, मग मीही चालले. नवारीच्या खाटेसारखं किंचित दबतं, तेवढंच.

विक्रेता अखंड कापडाचं, पाणी न झिरपणारं कव्हर घ्या म्हणत होता. त्यावर पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी साचतं, ते पंपानं काढत राहावं लागतं. पानांनी पंप तुंबला की लहान कुत्र्यासाठी वरच एक डबकं तयार. जाळीतून पाणी खाली निघून जातं. त्याची किंमत मे महिन्यात मोजावी लागते: जाळीतून ऊन आणि बारीक गाळ दोन्ही आत जातात, दोन्ही वर्षं पाणी हिरवं निघालं आणि साफ करायला आठवडा गेला. मला चालतं.

आता तक्रार. पूलच्या एका कोपऱ्यात फुलझाडांच्या वाफ्याची उंच भिंत आहे. तिथे कव्हर काठावर पसरता येत नाही, आणि बसवणाऱ्यांनी तिथे हातभर लांबीची फट तशीच सोडली. बर्फीचं डोकं त्यातून सहज आत जायचं. "कुत्रा कशाला तिथे जाईल?" हे मला मिळालेलं उत्तर. अहो, बीगल आहे, नाक नेईल तिथे जाईल! आणि फटीतून आत घसरली तर वर घट्ट ताणलेली जाळी, म्हणजे पुन्हा तोच सप्टेंबर. चार फोन आणि तीन आठवड्यांनंतर त्यांनी भिंतीला जादा अँकर लावून तारेनं ती कड घट्ट आवळून दिली. तोवर आम्ही फळी आणि विटा लावून ठेवल्या होत्या. पायऱ्या, शिडीचे दांडे, भिंती, अशा जागा बसवणारी माणसं परत जायच्या आधी स्वतः गुडघ्यावर बसून तपासा.

पूलला लागून असलेल्या आमच्या स्पालाही, म्हणजे गरम पाण्याच्या टबालाही, हेच लागू. त्याचं फोमचं झाकण पट्ट्यांनी कुलूपबंद होतं, आमच्या एका पट्ट्याची क्लिप तुटलेली होती, ती बदलली. आत पाणी 104 अंश फॅरनहाइटपर्यंत तापतं आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, शरीर लवकर तापतं.

गेल्या फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. कव्हरवरचा बर्फ फावड्यानं काढायचा नसतो, जाळी फाटते. भार खालचं पाणी तोलतं, म्हणून पाण्याची पातळी काठापासून 18 इंचांहून खाली जाऊ द्यायची नाही. त्या सकाळी काठ कुठे संपतो तेच दिसत नव्हतं. दार उघडलं आणि बर्फी सरळ पूलवर. मी अनवाणी धावले. ती मधोमध उभी राहून काहीतरी हुंगत होती, खाली 6 फूट पाणी. हाक मारली तशी वळली आणि चालत परत आली. तिच्या पावलांचे ठसे दुपारपर्यंत तिथे होते.

पाचपैकी चार तारे. एक त्या कोपऱ्यासाठी कापला. बबल कव्हर कचऱ्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी जरा गार लागतं. आता पाण्यात पांढरा रॅम्प लावला आहे आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं बर्फीला त्यावरून वर यायचा सराव देतो. पहिल्या आठवड्यात ती रॅम्पच्या उलट दिशेला पोहत होती, आता कुठूनही सोडली तरी तिकडे वळते.