घरच्या घरी सिनेमा: गोव्यात खिशाला काय परवडतं?

घरी सिनेमा बघायचा स्वस्त मार्ग कुठला, हे घरात कोण बघणार आहे त्यावर ठरतं. साखळीकडच्या घरात दुपारची जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसणारी आई आणि पणजीत भाड्याच्या खोलीवर रात्री मोबाईलवर सिनेमा लावणारा मुलगा, दोघांना एकच सल्ला देऊन चालत नाही. एक मात्र ठामपणे सांगते, तीन-तीन ठिकाणच्या वर्षभराच्या वर्गण्या एकदम भरू नका. एक फुकटची सोय आणि लागेल तेव्हा एखादी महिन्याची वर्गणी, एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं.

आधी टीव्हीवाल्यांचं बघू. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण 2000 रुपये जातात. बॉक्स एमपीईजी-4चाच मागून घ्या, जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर काही चॅनेल उमटतच नाहीत. सह्याद्री मिळतं, हिंदी सिनेमांची चॅनेल मिळतात. पण खासगी चॅनेलांच्या जागांचा लिलाव होत असतो, त्यामुळे 1 एप्रिल आला की आवडीचं चॅनेल गायब झालेलं असू शकतं. नवीन सिनेमाची अपेक्षा ठेवू नका, आणि जाहिराती भरपूर असतात.

छत्री कुठे बसवायची, याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. गोव्यातून फ्री डिशच्या जीसॅट-15 उपग्रहाकडे छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि बरंच वर, साठेक अंशांवर असतं. एवढ्या उंचीमुळे लांबचा डोंगर आड येत नाही, आड येतो तो घराला खेटून असलेला माड नाहीतर आंबा. एप्रिलमध्ये बसवलेली छत्री ऑगस्टमध्ये फांद्या वाढल्या, पानं भिजली की चित्र फोडायला लागते. बसवायला येणाऱ्याला झाडाची वाढ धरूनच जागा निवडायला सांगा. मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र जाणारच, कारण उपग्रहाकडून येणारे सिग्नल पावसाच्या थेंबांत शोषले जातात. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचंही तेच होतं, तेव्हा केवळ पावसासाठी फ्री डिश सोडून महाग जोडणी घेऊ नका.

डीटीएच किंवा केबल घ्यायची ती झी टॉकीज, प्रवाह पिक्चर यांसारख्या मराठी सिनेमांच्या चॅनेलांसाठी. इथे पॅक बघून घ्या. चॅनेलांच्या पैशांशिवाय जोडणीसाठी दर महिन्याला जी नेटवर्क फी लागते, तिच्यावरची 130 रुपयांची कमाल मर्यादा ट्राय या सरकारी नियामकानं जुलै 2024 मध्ये काढली, आता ती ज्याची त्याची कंपनी ठरवते. ‘फॅमिली पॅक’ म्हणून गळ्यात मारलेल्यातली निम्मी चॅनेल कुणी लावतही नाही. फी किती, चॅनेलांचे किती, जीएसटी किती, असं वेगवेगळं विचारा आणि मोजकीच चॅनेल ठेवा.

ओटीटीची, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या ॲप्सची जाहिरात महिन्याला दीडशेची असते, पण इंटरनेटचं बिल त्यात धरलेलं नसतं. 399 रुपयांचा फायबर प्लॅन जीएसटीसह 471 वर जातो. घरात मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी फायबर आधीच असेल तर प्रश्न नाही. केवळ सिनेमासाठी घेणार असाल तर तो खर्च ओटीटीच्या नावावरच मांडा. मोबाईल डेटावर भागवायचं म्हटलं तर एचडी चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो, साध्या चित्राला 1 जीबीपर्यंत. रोजचा दीड जीबी असेल तर अडीच तासांचा सिनेमा मध्यंतरानंतर लगेचच अडकतो. खोलीवर राहणाऱ्यांनी वायफाय मिळेल तिथे सिनेमा डाउनलोड करून ठेवावा. पावसाळ्यात वीज गेली तरी तो मोबाईलवर चालतो, आणि सत्तरी-काणकोणसारख्या रेंज दगा देणाऱ्या भागात तर हाच मार्ग धरा.

नेटफ्लिक्सचा 149चा प्लॅन फक्त मोबाईल आणि टॅबलेटसाठी आहे, टीव्हीवर चालत नाही. घरी सगळ्यांनी बसून बघायचं तर निदान 199चा हवा. प्राइमचे वर्षाला 1499 एकदम मोठे वाटतात, पण महिन्याला 125च पडतात आणि सामानाची डिलिव्हरीही त्यातच येते. जून 2025 पासून त्यातही जाहिराती लागतात, त्या नको असतील तर वेगळे पैसे. मराठी सिनेमांसाठी मला झी5 जास्त उपयोगाचं वाटतं. एका महिन्यात एकच घ्यावं, त्यावरचं हवं ते बघून संपवावं आणि पुढच्या महिन्यात दुसरं. पैसे भरले त्याच दिवशी यूपीआयमधला ऑटोपे बंद करा, भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो.

वर्षाकाठी मोजकेच नवे सिनेमे बघणाऱ्यांना यूट्यूबवर भाड्यानं घेणंच परवडतं. जुना सिनेमा 100 रुपयांच्या आतबाहेर मिळतो, नव्याला जास्त. घेतल्यापासून 30 दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर 48 तासांत संपवायचा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला घर भरलेलं असताना दहाजणांनी मिळून बघितला तर माणशी दहा-पंधरा रुपये पडतात, याहून स्वस्त काय असणार?

अगदी फुकट हवं असेल तर प्रसार भारतीचं वेव्ज ॲप आहे. त्याचं उद्घाटनच गोव्यात झालं, नोव्हेंबर 2024च्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात. जुन्या सिनेमांची आणि दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांची आवड असलेल्यांनी ते जरूर उघडून बघावं. यूट्यूबवर शेमारू मराठीबाणा, अल्ट्रा मराठी, राजश्री मराठी यांच्या अधिकृत चॅनेलांवर पूर्ण मराठी सिनेमे आहेत. टेलिग्रामवरच्या लिंकांच्या वाटेला जाऊ नका. त्यातून मोबाईलमध्ये व्हायरस शिरतो आणि सिनेमा करणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. कोकणी सिनेमे मोठ्या ॲप्सवर फार थोडे आहेत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. ते रवींद्र भवनात लागतील तेव्हा तिथे जाऊनच बघा.

टीव्ही जुना असेल तर लगेच नवा घेऊ नका. मागे एचडीएमआयचं भोक असलं की दोन-तीनशेच्या केबलनं लॅपटॉप जोडता येतो. लॅपटॉप नसेल तर त्याच भोकात लावून इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी स्टिक घ्या. प्रोजेक्टरच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते.

माझ्या मते आईसाठी फ्री डिश पुरे. मुलाला मोबाईल प्लॅन आणि डाउनलोड. फायबर असलेल्या घरात महिन्याला एक ओटीटी आणि चवथीला, दिवाळीला भाड्याचा सिनेमा. केबल फक्त तिथेच ठेवा जिथे संध्याकाळच्या मराठी मालिका चुकवून चालत नाही.